मॅस्टोडॉनवर खातं काढलं, पण पान रिकामंच दिसतं: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा: मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर खातं काढून दोन दिवस झाले. होम रिकामं आहे, ओळखीची माणसं शोधून सापडत नाहीत, सर्व्हर ही काय भानगड आहे ते कळत नाही, आणि टाकलेल्या दोन पोस्टना कोणी उत्तर दिलेलं नाही. चुकलं कुठे?

काही चुकलेलं नाही. होममध्ये फक्त तुम्ही फॉलो केलेली माणसं आणि फॉलो केलेले हॅशटॅग दिसतात, आणि तेही वेळेच्या क्रमाने, ताजं वर. तुमच्या आवडीचा अंदाज बांधून अनोळखी लोकांच्या पोस्ट पुढ्यात आणून टाकणारी यंत्रणा होममध्ये नाही. इतर अ‍ॅपांत ती पहिल्याच मिनिटाला पान भरून टाकते, म्हणून इथली शांतता बिघाडासारखी वाटते. इथलं पान आपल्या हाताने भरावं लागतं. रोज दहा-पंधरा मिनिटं दिली तर आठवड्याभरात ते नीट वाहू लागतं.

आधी सर्व्हरचं समजून घ्या, कारण पुढच्या निम्म्या अडचणी तिथूनच येतात. मॅस्टोडॉन हे एकच एक संकेतस्थळ नाही. २०१६ साली जर्मनीत सुरू झालेलं ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि ते बसवून कोणीही स्वतःचा सर्व्हर, म्हणजे लोकांची खाती आणि पोस्ट सांभाळणारा संगणक, चालवू शकतं. असे हजारो सर्व्हर आपापसांत अ‍ॅक्टिव्हिटीपब या नियमावलीने बोलतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने ती जानेवारी २०१८ मध्ये मानक म्हणून जाहीर केली. म्हणून मॅस्टोडॉनच्या खात्यावरून पिक्सेलफेडवर फोटो टाकणाऱ्याला किंवा पीअरट्यूबवरच्या व्हिडिओंच्या चॅनेललाही फॉलो करता येतं. तुमचा पूर्ण पत्ता दोन भागांचा असतो: @नाव@सर्व्हर. यातलं नाव रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेखा (_) एवढ्यातच बसवावं लागतं आणि नंतर बदलता येत नाही. पोस्टवर दिसणारं नाव वेगळं असतं. ते देवनागरीत लिहा, हवं तेव्हा बदला, त्याला ३० अक्षरांची मर्यादा आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या सर्व्हरला जे ठाऊक आहे, तेवढंच तुम्हाला दिसतं. दुसऱ्या सर्व्हरवरच्या एखाद्या माणसाच्या पोस्ट तुमच्या सर्व्हरकडे नियमित यायला लागतात त्या तुमच्या सर्व्हरवरच्या कोणीतरी त्याला फॉलो केल्यापासून. त्याआधीचं बहुतेक लिखाण इकडे आलेलंच नसतं. हे एकदा लक्षात घेतलं की तीन-चार कोडी आपोआप सुटतात.

पहिलं कोडं शोधाचं. शोधपेटीत मैत्रिणीचं नुसतं नाव टाकलं तर तुमच्या सर्व्हरने आजवर पाहिलेल्या खात्यांतच शोध होतो. तिचा पूर्ण पत्ता, दोन्ही @ सकट, टाकून एंटर दाबा, म्हणजे तुमचा सर्व्हर तिच्या सर्व्हरकडे जाऊन प्रोफाइल घेऊन येतो. पत्ता नसेल आणि तिच्या प्रोफाइलची किंवा एखाद्या पोस्टची लिंक असेल, तर ती अख्खी लिंक शोधपेटीत चिकटवा. हेही चालतं, आणि नव्या माणसाला याहून उपयोगाची दुसरी युक्ती नाही.

इथेच बरेच जण फसतात. ब्राउझरमध्ये मैत्रिणीच्या सर्व्हरवरचं तिचं पान उघडतं, तुम्ही फॉलो दाबता आणि लॉगिन मागितलं जातं. आपला पासवर्ड तिथे चालत नाही म्हणून लोक त्या सर्व्हरवर दुसरंच खातं काढून बसतात. त्याची गरज नाही. समोर आलेल्या चौकटीत तुमच्या स्वतःच्या सर्व्हरचं नाव द्यायची सोय असते, ते दिलं की तुमच्याच खात्यात ते पान उघडतं. नाहीतर लिंक कॉपी करून आपल्या शोधपेटीत टाकायचा मार्ग आहेच.

दुसरं कोडं: वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या माणसाचं प्रोफाइल उघडलं तर तिथे पोस्ट जेमतेम, फॉलोअरही कमी. कारण वर सांगितलं तेच. प्रोफाइलवरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत मूळ पान उघडायचा पर्याय आहे, तिथे सगळं दिसेल. आधी मूळ पान वाचावं आणि मग फॉलो करावं. फॉलो केलंत की पुढच्या नव्या पोस्ट तुमच्याकडे येतील. एखाद्या चर्चेतली अर्धी उत्तरं गायब असणं हाही त्यातलाच प्रकार. नव्या आवृत्त्या उरलेली उत्तरं मागवून घ्यायचा प्रयत्न करतात, पण संपूर्ण चर्चा वाचायची असेल तर मूळ पान गाठणंच बरं.

पूर्ण पत्ता टाकूनही माणूस मिळाला नाही, तर तुमच्या सर्व्हरचं माहितीचं पान पाहा. त्यावर सर्व्हरचे नियम असतात, आणि बहुतेक ठिकाणी ज्या बाहेरच्या सर्व्हरांवर मर्यादा घातली आहे किंवा ज्यांच्याशी संबंध तोडला आहे त्यांची यादीही असते. मैत्रिणीच्या सर्व्हरशी संबंध तोडलेला असेल तर तिथून काहीच येणार नाही आणि तुमचंही तिच्यापर्यंत जाणार नाही. त्यावर सर्व्हर बदलणं हाच उपाय आहे. तो कसा करायचा ते शेवटी सांगितलं आहे.

होमशिवाय आणखी दोन प्रवाह आहेत. स्थानिक प्रवाहात फक्त तुमच्या सर्व्हरवरच्या लोकांच्या सार्वजनिक पोस्ट येतात. एका विषयाला वाहिलेला छोटा सर्व्हर असेल तर हा प्रवाह सोन्यासारखा असतो, मोठ्या सर्वसाधारण सर्व्हरवर मात्र नुसता लोंढा. दुसरा प्रवाह तुमच्या सर्व्हरला ठाऊक असलेल्या सगळ्या जगाचा. पहिल्या दिवशी दोन्हींवर नजर फिरवा, आवडेल त्याला फॉलो करा आणि मग होमवरच राहा. चर्चेत असलेल्या पोस्ट आणि हॅशटॅग दाखवणारं एक वेगळं पानही आहे. आवृत्तीप्रमाणे त्याचं नाव एक्सप्लोर किंवा ट्रेंडिंग असं दिसेल.

माणसं मिळवायचा खरा रस्ता म्हणजे हॅशटॅग. इथे हॅशटॅग फॉलो करता येतो: शोधून त्याचं पान उघडा आणि वरचं फॉलोचं बटण दाबा. त्या हॅशटॅगच्या पोस्ट होममध्ये येऊ लागतील. पहिल्या आठवड्यात पाच-सहा हॅशटॅग घ्या. त्यातून रोज कोणीतरी वाचनीय सापडतं, त्या माणसाला फॉलो करायचं, आणि माणसं पुरेशी जमली की गर्दीचे हॅशटॅग सोडून द्यायचे.

मराठीत लिहिणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट नीट सांभाळायला हवी. आपले शब्द विभक्ती लागली की बदलतात आणि यंत्र प्रत्येक रूप वेगळं धरतं. ‘आज एका जुन्या #कवितेत हा शब्द सापडला’ असं लिहिलं तर ‘कवितेत’ नावाचा नवाच हॅशटॅग तयार होतो, आणि #कविता फॉलो करणाऱ्या एकालाही ती पोस्ट दिसत नाही. म्हणून वाक्यात शब्द साधा ठेवा आणि मूळ रूपातला हॅशटॅग पोस्टच्या शेवटी, वेगळ्या ओळीवर द्या. दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडली तर हॅशटॅग तिथेच तुटतो, तेव्हा अधोरेखा वापरा. जोडाक्षराचा हॅशटॅग असेल तर पोस्ट गेल्यावर तो एकदा दाबून पाहा. उघडलेल्या पानावर शब्द मोडका दिसला किंवा तुमची पोस्ट दिसली नाही, तर जोडाक्षर नसलेला पर्यायी शब्द निवडा. रोमन लिपीतला हॅशटॅग जोडीला दिला तर वाचक वाढतात. तिथे प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला शब्द सुटे ऐकू येतात.

हॅशटॅगवर एवढा जोर देण्याचं कारण शोधाच्या रचनेत आहे. पोस्टच्या मजकुरात शोध घ्यायची सोय २०२३ मध्ये, ४.२ या आवृत्तीत, नीट आली. पण ती सर्व्हर चालवणाऱ्याने सुरू केलेली असावी लागते, आणि लिहिणाऱ्यानेही आपल्या पोस्ट शोधात दाखवायला परवानगी दिलेली असावी लागते. ही परवानगी मुळात बंद असते. तुमच्या पोस्ट लोकांना सापडाव्यात असं वाटत असेल तर सेटिंगमध्ये सार्वजनिक प्रोफाइल, त्यात गोपनीयता आणि पोहोच, या पानावर जाऊन सार्वजनिक पोस्ट शोधनिकालात घेण्याची खूण करा. प्रोफाइल इतरांना सुचवलं जावं याचीही खूण तिथेच आहे. ही सगळी कामं फोनमधल्या अ‍ॅपवर शोधत बसू नका. ब्राउझरमधून लॉगिन करा, कारण कितीतरी सेटिंग फक्त तिथेच मिळतात.

उत्तर का मिळत नाही, याचं कारण बहुतेक वेळा प्रोफाइलमध्ये असतं. तुम्ही कोणाला फॉलो केलंत की ती व्यक्ती तुमचं पान उघडून बघते. तिथे चित्र नाही, ओळख नाही, एकही पोस्ट नाही असं दिसलं तर ती बनावट खातं समजून पुढे जाते. म्हणून शंभर जणांना फॉलो करण्याआधी चित्र लावा, दोन-तीन ओळींत तुम्हाला कशात रस आहे ते लिहा, आणि ओळख करून देणारी एक पोस्ट, मूळ रूपातल्या चार-पाच हॅशटॅगसह, टाकून ती प्रोफाइलच्या माथ्यावर पिन करा. प्रोफाइलमध्ये चार जादा रकाने असतात. त्यात स्वतःच्या संकेतस्थळाची लिंक दिली आणि सेटिंगमधल्या पडताळणीच्या पानावर मिळणारी ओळ त्या संकेतस्थळावर चिकटवली, की लिंकवर हिरवी खूण येते. तिला पैसे पडत नाहीत. ते संकेतस्थळ तुमचंच आहे एवढं त्यातून सिद्ध होतं.

पोस्टखालची चिन्हं सारखी वाटली तरी त्यांची कामं निराळी आहेत. तारा म्हणजे आवडल्याची पोच. ती लिहिणाऱ्याला मिळते, पण त्याने पोस्ट तुमच्या फॉलोअरांच्या होममध्ये जात नाही. पोस्ट पुढे न्यायची असेल तर बूस्ट करावं लागतं. नवी माणसं ताऱ्यांवर तारे देतात आणि बूस्ट करायला बिचकतात, पण इथे बूस्ट हीच खरी मदत आहे, मोकळेपणाने करा. बुकमार्क फक्त तुमच्यासाठी असतो, त्याची खबर कोणालाच जात नाही.

लिहिताना ५०० अक्षरांची मर्यादा असते, काही सर्व्हरांनी ती वाढवलेली आहे. लिंक कितीही लांब असली तरी २३ अक्षरंच धरली जातात. एका पोस्टला चार चित्रं जोडता येतात. प्रत्येक चित्राला वर्णन लिहा. त्यासाठी १५०० अक्षरांची जागा आहे, दोन वाक्यं पुरतात. न पाहू शकणाऱ्या वाचकासाठी ते वर्णन म्हणजेच चित्र असतं. इथले बरेच लोक हे मनापासून पाळतात आणि वर्णन नसलेलं चित्र बूस्ट करत नाहीत. पोस्ट पाठवण्यापूर्वी लिहिण्याच्या चौकटीतली भाषा मराठी आहे ना ते बघा. ती इंग्रजीवर राहिली तर भाषेची चाळणी लावून मराठी वाचणाऱ्यांच्या प्रवाहातून तुमची पोस्ट गळते. चूक झाली तर पोस्ट दुरुस्त करता येते, पण आधीची रूपं इतिहासात सगळ्यांना दिसतात आणि बूस्ट केलेल्यांना सूचना जाते.

आता सगळ्यात जपून समजून घ्यायची गोष्ट: पोस्ट कोणाला दिसणार. पर्याय चार आहेत. सार्वजनिक पोस्ट सगळीकडे दिसते. दुसरा पर्याय शांत सार्वजनिक, जुन्या आवृत्त्यांत त्याचं नाव अनलिस्टेड होतं. अशी पोस्ट कोणीही उघडू शकतं, पण ती सार्वजनिक प्रवाहांत, शोधात आणि हॅशटॅगच्या पानांवर येत नाही. म्हणजे शांत सार्वजनिक पोस्टला दहा हॅशटॅग लावले तरी वाया. उपयोग आहे तो लांब मालिकेत: पहिला भाग सार्वजनिक ठेवा, पुढचे त्याला उत्तर म्हणून शांत सार्वजनिक टाका, म्हणजे इतरांचं पान तुमच्याच पोस्टनी भरत नाही.

तिसरा पर्याय फक्त फॉलोअर. इथे मोठी फसगत होते. नवे फॉलोअर आपोआप स्वीकारायचं सेटिंग चालू असेल तर कोणीही फॉलो दाबून पुढच्या अशा पोस्ट वाचू शकतं. खरोखर जवळच्यांपुरतं लिहायचं असेल तर ते सेटिंग बंद करा आणि प्रत्येक विनंती बघून मंजूर करा. आधीचा एखादा नकोसा फॉलोअर त्याच्या मेनूतून गुपचूप काढताही येतो.

चौथा पर्याय फक्त उल्लेख केलेल्यांना, ज्याला लोक खाजगी मेसेज समजतात. ही सुद्धा एक पोस्टच आहे, फक्त ती त्यात ज्यांचा पत्ता आहे त्यांनाच जाते. यातून दोन धोके निघतात. ‘@अमुक फार त्रास देतोय’ असं तिसऱ्याच्या पत्त्यासकट लिहिलंत तर ती पोस्ट थेट त्या अमुकलाही जाते. तिसऱ्याबद्दल बोलताना @ कधीच लावू नका. दुसरं म्हणजे यावर टोकापासून टोकापर्यंतचं एन्क्रिप्शन नाही. तुमचा आणि समोरच्याचा सर्व्हर चालवणारे मनात आणलं तर ती वाचू शकतात. पासवर्ड, बँकेचे तपशील, तब्येतीचे कागद यासाठी दुसरं साधन वापरा.

नकोसं आवरायची साधनं इथे चांगली आहेत, आणि ती वापरण्यात संकोच कसला? एखादी व्यक्ती आवडते पण तिचे बूस्ट फार होतात, तर तिच्या मेनूतून फक्त बूस्ट बंद करा. तिच्या ठरावीक भाषेतल्याच पोस्ट घ्यायचीही सोय आहे. म्यूट केलं की तिला कळत नाही, आणि त्याला ठरावीक मुदतही घालता येते. ब्लॉक केलं तर दोन्ही बाजूंचं फॉलो सुटतं. अख्खा सर्व्हरही तुमच्यापुरता बंद करता येतो, मात्र तिथले तुमचे फॉलोअर त्याबरोबर जातात. तक्रार तुमच्या सर्व्हरच्या मॉडरेटरकडे, म्हणजे नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्याकडे, जाते. तक्रारीतला माणूस दुसऱ्या सर्व्हरवरचा असेल तर तिथेही प्रत पाठवायचा पर्याय खुणेने निवडावा लागतो. ४.३ या आवृत्तीपासून सूचनांनाही चाळणी आहे: तुम्ही फॉलो न केलेल्यांच्या आणि ३० दिवसांहून नव्या खात्यांच्या सूचना वेगळ्या काढून ठेवता येतात. कोणी मागे लागलं असेल तर हे पहिल्यांदा चालू करा.

शब्दांच्या फिल्टरमध्ये पुन्हा मराठीचा पेच येतो. समजा निवडणुकीच्या गदारोळातून महिनाभर सुटका हवी आहे. फिल्टरमध्ये ‘निवडणूक’ टाकून पूर्ण शब्दाची खूण ठेवली तर ‘निवडणुकीत’, ‘निवडणुका’ सगळं येतच राहतं. खूण काढली तरी येतं, कारण मधला दीर्घ णू तिथे ऱ्हस्व होतो. वैतागून नुसतं ‘निवडण’ टाकलं तर ‘पुस्तक निवडणे’ असं लिहिणाऱ्याची पोस्टही जाते. बरोबर उपाय असा: एकाच फिल्टरमध्ये ‘निवडणूक’ आणि ‘निवडणुक’ अशा दोन नोंदी, दोन्हींवरची पूर्ण शब्दाची खूण काढलेली. मुदत घाला, म्हणजे फिल्टर आपोआप उठेल. आधी पोस्ट इशाऱ्याखाली झाकायचा पर्याय ठेवा. आठवड्याने चाळणी नीट बसली आहे असं दिसलं तर पूर्ण लपवा.

पहिल्याच दिवशी दुहेरी पडताळणी (लॉगिन करताना पासवर्डखेरीज फोनवरचा कोडही मागणारी सोय) चालू करून बचावाचे कोड कागदावर उतरवून ठेवा. सर्व्हर एखाद-दोन माणसं चालवत असतील तर फोन हरवल्यावर खातं सोडवून घ्यायला किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो.

शेवटी सर्व्हर बदलण्याबद्दल. पहिला सर्व्हर चुकला म्हणून काही अडत नाही. निवडताना तो कोण चालवतं, नियम स्पष्ट लिहिलेत का आणि मॉडरेटर आहेत का ते पाहा. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतल्या सर्व्हरांनी द्वेषाविरुद्ध नियम राबवणं, रोज बॅकअप घेणं, अडीअडचणीला आणखी एका माणसाच्या हाती चाव्या असणं आणि बंद करण्यापूर्वी किमान तीन महिने आधी सांगणं मान्य केलेलं असतं. हलण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी नव्या सर्व्हरवर खातं काढा. मग नव्या खात्याच्या सेटिंगमध्ये ‘दुसऱ्या खात्यावरून येत आहे’ या पानावर जुना पूर्ण पत्ता नोंदवा. त्यानंतर जुन्या खात्यातून तुम्ही फॉलो करत असलेल्यांची, ब्लॉक-म्यूट केलेल्यांची आणि बुकमार्कची सीएसव्ही फाइल (साधी यादी असलेली फाइल) उतरवून नव्या खात्यात आयात करा. आयात करताना आहे त्यात मिळवायचं की आहे ते पुसून नवं भरायचं, असं विचारलं जातं, मिळवायचं निवडा. आणि सर्वांत शेवटी जुन्या खात्यातून ‘दुसऱ्या खात्यावर जात आहे’ हे पान भरून नवा पत्ता द्या. लोक पहिली नोंद विसरून थेट इथे येतात आणि मग स्थलांतर नाकारलं जातं.

फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे येतात. त्यांना थोडा वेळ लागतो, कधी काही तास, आणि मधे आकडा अडकल्यासारखा दिसला तरी पुन्हा काही दाबू नका. जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत. त्या जुन्या पत्त्यावरच राहतात, म्हणून जुनं खातं पुसू नका, आणि पोस्टचा संग्रह मागवून स्वतःकडे ठेवा. तो सात दिवसांतून एकदा मागवता येतो. एकदा हललात की पुढचे ३० दिवस पुन्हा हलता येत नाही. जुना सर्व्हर एकाएकी बंद पडला तर ‘जात आहे’ म्हणायला जागाच उरत नाही, तेव्हा फॉलो केलेल्यांची ती छोटी सीएसव्ही फाइल दर महिन्याला उतरवून घ्या.